ग्रेगोरच्या दिवसाची साक्ष

आस्ने माझी धाकटी बहीण. तिने मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात होतो आणि मी चीजसाठी दूध आटवत होते. दूध आटत आलं की हात थांबवता येत नाही, म्हणून मी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"गुनवोर, मी पोटुशी आहे," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"घोडेवाल्याचं. तो डोंगर ओलांडून गेला. येईल म्हणालाय, पण तू काही वाट बघू नकोस."

"मी कशाला बघू? तू बघ."

ती हसली. आस्नेला भलत्या वेळी हसू यायचं, लहानपणापासून. मग म्हणाली, "पाद्री दरवर्षी कायदा वाचून दाखवतो ना? बिनलग्नाची बाई पोटुशी राहिली तर तिने कुणाला तरी सांगून ठेवावं. लपवून ठेवलं आणि पोर मेलेलं निघालं, तर आईनेच मारलं असं धरून मान उडवणार. घे बाई. तुला सांगितलं. आता माझी मान शाबूत."

"मूर्ख आहेस," मी म्हटलं.

"आहेच. पण मार्टिनच्या सणापर्यंत कुणाला बोलू नकोस हं. मालकीण कळल्या दिवशी कामावरून घालवून देईल. तोवर वर्षाचं काम पुरं होईल, मग मी तुझ्याकडेच येते."

मी बोलले नाही. कुणाला न सांगणं हे माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. मीही तेव्हा दोन महिन्यांची होते, दोघी मिळून निभावू असं मला वाटलं होतं.

नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाआधी आठ दिवस, आस्ने मालकाच्या गोठ्यात बाळंत झाली, एकटी, महिना दीड महिना आधीच. मूल मेलेलंच आलं. तिने ते परकराच्या कापडात गुंडाळून गवताच्या ढिगावर ठेवलं आणि संध्याकाळचं दूध काढायला बसली, कारण गाई हंबरत होत्या. मालकिणीने ते गाठोडं पाहिलं. त्या रात्रीपासून आस्ने अंमलदाराच्या घरी कुलपात होती.

नाताळानंतर अंमलदार आमच्या शेतावर आला. तारल्द त्याचं नाव. दाढीला बर्फ लागलेला, आणि आत येऊनही टोपी काढेना.

"तुझी बहीण म्हणते तिने तुला सांगितलं होतं. खरं का?"

"खरं. ऑगस्टात, कुरणावर."

"मग सभेत येऊन शपथेवर सांग. न्यायाधीश ग्रेगोरच्या दिवशी येणार आहे. बारा मार्चला. तू सांगितलंस की लपवल्याचा गुन्हाच उरत नाही. फार तर दंड नि चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहणं." त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. "तुला जमेल ना?"

"तोवर मोकळी झालेली असेन."

"बघ बाई. दुसरं कुणी नाही तिला."

हे त्याने नीट सांगितलं होतं, म्हणून मी त्याला दोष देत नाही. नंतर पुष्कळांनी मला विचारलं, त्याने दिवस बरोबर सांगितला होता का म्हणून. बरोबर सांगितला होता. ग्रेगोरचा दिवस.

आमचं शेत खोऱ्याच्या अगदी टोकाला. माझा नवरा आयविंद त्या हिवाळ्यात सैन्यात, सरहद्दीवर होता. घरात मी आणि सासरे, हाल्वार्द. सासऱ्यांना एका कानाने ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने ते हवं तेवढंच ऐकत. त्यांच्याकडे त्यांच्या आजोबांची दिनकाठी होती. हातभर लांब लाकडी पट्टी. एका बाजूला उन्हाळ्याचे दिवस कोरलेले, दुसऱ्या बाजूला हिवाळ्याचे, प्रत्येक दिवसाची एक खाच, सणाच्या दिवसावर खूण. रोज सकाळी उठल्यावर सासरे लोकरीचा तांबडा दोरा एक खाच पुढे सरकवत, मग देवाचं नाव घेत, मग खोकत. या क्रमात कधी बदल झाला नाही.

फेब्रुवारीच्या नवव्या दिवशी मला मुलगा झाला. खालच्या शेतावरची बाई सुईणपण करायला आली होती, ती तीन दिवस राहून साईची लापशी करून घालून गेली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दरड कोसळावी तसा डोंगरावरचा बर्फ खाली आला आणि घळीतली वाट बुजली. पोराचा बाप्तिस्मा आठ दिवसांच्या आत करायला हवा, म्हणून सासऱ्यांनी घरीच त्याच्या डोक्यावर पाणी घातलं आणि आस्लाक नाव ठेवलं. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे माणूस आलं नाही.

त्याच महिन्यात त्या वर्षीचा लीप दिवस आला. काठीवर त्याला खाच नाही. सासऱ्यांनी त्यावर दोन दिवस डोकं खाल्लं.

"एक दिवस दोरा जागचा हलवायचा नाही. नाहीतर तू सभेला एक दिवस आधी जाऊन बसशील," ते म्हणाले.

"आधी गेले तर काय बिघडलं, मामंजी?"

"बाळंतीण आहेस. चर्चमध्ये घेतलेलं नाही तुला अजून. एक दिवस जास्त लोकांच्या दारात बसून राहणार?"

यात त्यांचं चुकलं नव्हतं. बाळंतपणानंतर सहा आठवडे आमच्यात बाई घर सोडत नाही. मग पाद्री तिला चर्चच्या दारातून हात धरून आत नेतो, आणि ती पुन्हा माणसांत येते. त्याआधी ती जिथून चालेल तिथे गवत उगवत नाही, असं म्हणतात. मला साडेचार आठवडे झाले होते. मी ठरवलं होतं की जायचं, गवताचं गवत बघून घेईल.

ग्रेगोरच्या आदल्या सकाळी बर्फावर कडक पापुद्रा धरला होता. मी स्की बांधल्या, आस्लाकला छातीशी बांधलं, त्याच्या दुपट्याला चांदीचं बटण लावलं, माझ्या खिशात सुरी ठेवली. बाप्तिस्मा झालेल्या पोरालाही डोंगराच्या पोटात राहणारी अदृश्य मंडळी बदलून नेतात, लोखंड आणि चांदी असली तर नेत नाहीत. सासऱ्यांनी दोरा तपासला आणि दारातून ओरडले, "उद्याच! उद्या ग्रेगोर!"

रात्र मी वाटेवरच्या रिकाम्या गवतघरात काढली. माणसांच्या दारात जायचं नव्हतं, म्हणून. शपथेवर काय बोलायचं ते मनात घोकलं. ऑगस्टात. कुरणावर. तिने स्वतः होऊन सांगितलं.

सभेचं घर म्हणजे रान्वैगमावशीच्या शेतावरची मोठी खोली. ती आमच्या आईची मैत्रीण. मी पोचले तेव्हा सकाळ होती आणि अंगणात एकही घसरगाडी नव्हती. मला वाटलं, मीच पहिली आले. मला बरंसुद्धा वाटलं. खोलीचं दार उघडं होतं. आत रान्वैगमावशी गुडघ्यांवर बसून जमिनीच्या फळ्या वाळूने घासत होती. बाकं भिंतीला उलटी लावलेली होती.

"मावशी, मी आत येत नाही," मी उंबऱ्याबाहेरून म्हटलं. "चर्चला गेले नाहीये अजून. न्यायाधीश आले की मला हाक मारा."

ती वळली. माझ्याकडे बघत राहिली. हातातलं फडकं तिने खाली ठेवलं नाही.

"गुनवोर? आत्ता कशाला आलीस?"

"सभेला."

"अगं, सभा होऊन गेली."

"आज ग्रेगोर आहे, मावशी."

"ग्रेगोर मागच्याच्या मागच्या शुक्रवारी झाला. आज मंगळवार, तेवीस तारीख." ती उठून दाराशी आली. "तुला कुणी सांगितलंच नाही का? राजाने दिवस काढून टाकलेत. अकरा दिवस. म्हणे आपली तारीख परदेशाच्या मागे पडली होती. फेब्रुवारीच्या अठराव्याला, रविवारी, पाद्रीने वाचून दाखवलं. रात्री अठरा तारखेला झोपलो आणि सकाळी एक मार्च. सगळ्या चर्चमध्ये सांगितलं."

"मी चर्चमध्ये नव्हते," मी म्हटलं.

"नाही गं. तू कशी असणार."

मला काही वाटलं नाही. हे मी खोटं सांगत नाही. पोरगं रडायला लागलं म्हणून मी पायरीवर बसून त्याला पाजलं. मावशीने ताकाचा वाडगा आणून पायरीवर ठेवला, हातात दिला नाही, आणि मी तो प्याले. ताक आंबट होतं आणि मला तहान लागली होती. मग मी विचारलं, "आस्ने?"

मावशी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. मध्ये उंबरा ठेवून तिने सगळं सांगितलं.

आस्नेने न्यायाधीशाला सांगितलं होतं, माझ्या बहिणीला माहीत आहे. मग अंमलदाराने दारात उभं राहून माझं नाव तीनदा पुकारलं. रिवाज तसा आहे. कुणी आलं नाही. पंच म्हणून बसलेले आठ शेतकरी म्हणाले, वाट खराब आहे, बाई बाळंतीण आहे, सकाळपर्यंत थांबू या. न्यायाधीश थांबला. शनिवारी सकाळी पुन्हा तीनदा पुकारलं.

"ती सारखी दाराकडे बघत होती," मावशी म्हणाली. "शुक्रवारी अख्खा दिवस. मी लोकांना बिअर वाढत होते, मला दिसत होतं. शनिवारी मात्र बघेना."

"मग?"

"न्यायाधीश वैतागला. म्हणाला, हिच्या बहिणीला ठाऊक असून तिने हिला गोठ्यात एकटीला मरायला सोडलं असेल, तर तिलाही इथेच हिच्या शेजारी उभी करीन. मग त्याने आस्नेला विचारलं, शेवटचं विचारतो, तू बहिणीला सांगितलं होतंस की नाही?"

मावशीने उंबऱ्यावरची वाळू हाताने झाडली.

"ती म्हणाली, नाही. कुणालाच सांगितलं नाही. मगाशी भीतीपोटी बोलले."

"ती खोटं बोलली."

"ते मला कळलं गं. इथे बसलेल्या अर्ध्या लोकांना कळलं. तिला वाटलं, तू घाबरून आली नाहीस. तुझं तान्हं पोर. नंतर मी तिला शाल द्यायला गेले तर म्हणाली, गुनवोरने बरंच केलं, मीही तेच केलं असतं." मावशीने नाक पुसलं. "तलवारीची शिक्षा झाली. बर्फ आहे तोवर घसरगाडीने किल्ल्यावर नेली. वरच्या न्यायालयात कागद जाणार आहेत."

मी उठले आणि स्की बांधल्या. न्यायाधीश पुढच्या खोऱ्यात सभा घेत होता, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी संध्याकाळच्या आत तिथे पोचले आणि मला त्याच्यासमोर उभं करेपर्यंत अंगणात उभी राहिले. तो वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, पायांना मोज्यांवर मोजे घातलेले. त्याने माझं सगळं ऐकलं.

"बाई, ही घोषणा राज्यातल्या प्रत्येक चर्चमध्ये वाचली गेली."

"साहेब, बाळंतिणीला चर्चमध्ये घेत नाहीत."

"घरात दुसरं कोण आहे?"

"सासरे. बर्फाने वाट बुजली होती. त्यांच्याकडे काठी आहे."

"काठी," तो म्हणाला. हसला नाही. त्याने डोळे चोळले. "तुझ्या बहिणीने आठ पंचांसमोर कबूल केलंय. त्याविरुद्ध तिच्या सख्ख्या बहिणीची साक्ष, तीही उशिरा. पण मी लिहून घेतो. कागदांबरोबर जाईल. वरचे लोक तिला पुन्हा विचारतील. तिने हो म्हटलं, तर सुटेल."

"म्हणेल," मी म्हटलं. मला खात्री होती. कुणी का म्हणणार नाही?

तुझ्या बहिणीला निरोप पाठवायचा असेल तर पाठव, असं तो म्हणाला नाही आणि मलाही सुचलं नाही. ती अकरा दिवसांची गोष्ट त्याने कागदात लिहिली की नाही, तेही मी विचारलं नाही. मी घरी परत गेले. गाय होती, सासरे होते.

सासऱ्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा बोलायला लावलं.

"राजा दिवस कसे काढील?" ते म्हणाले. "सूर्य कुठे होता तिथेच आहे की."

"मामंजी, सभा होऊन गेली. आस्नेला शिक्षा झाली."

"काठी बरोबर आहे," ते म्हणाले. नंतर ते पलंगावर पाठ करून झोपले आणि दोन दिवस जेवले नाहीत. पण दोरा त्यांनी अकरा खाचा पुढे कधी नेला नाही. मरेपर्यंत ते आपला नाताळ एकटे करत, आमचा होऊन गेल्यावर. मी त्यांना लापशी करून द्यायचे. मला त्यांचा राग यायला हवा होता, तो काही आला नाही.

ठरल्या दिवशी पाद्रीने मला चर्चमध्ये घेतलं. मग बर्फ वितळून नद्यांना पूर आला, आणि वाटा मोकळ्या व्हायला जून उजाडला. किल्ला पाच दिवसांच्या चालीवर, समुद्राकाठी. मी आस्लाकला घेऊन गेले. फाटकावरच्या शिपायाला चीजचा गोळा दिला तेव्हा त्याने सांगितलं, वरच्या न्यायालयाचं काम मागच्या आठवड्यातच उरकलं. शिक्षा कायम, आता फेरविचार नाही. सोमवारी.

आस्ने दगडी खोलीत पेंढ्यावर बसली होती. ती पांढरी पडली होती आणि थोडी जाड झाली होती, बसून बसून. मला पाहून ती आधी पोराकडे झेपावली.

"हाच का? दे. दे ना इकडे." तिने त्याला मांडीवर घेतलं. "आयविंदचं नाक आहे गं. बिचारा."

"आस्ने, माझा कागद त्यांनी वाचला नाही का?"

"वाचला की. मला विचारलं, तुझी बहीण म्हणते ते खरं का? मी म्हटलं, नाही. मला वाचवायला खोटं लिहिलंय, तिला बोल लावू नका." तिने आस्लाकच्या पायाची बोटं मोजली. "तुला वाईट वाटलं असणार नंतर, म्हणून तू तसं लिहून दिलंस. मला ठाऊक होतं. पण त्या न्यायाधीशाने तुलाही ओढीन म्हटलं होतं. हे इतकंसं पोर. याला कोण बघणार होतं? तो म्हातारा?" ती हसली. "नाही आलीस ते योग्यच केलंस. मनापासून सांगते. मला इथे झोप लागते. वाटतं, एक तरी काम धड केलं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आता मला ते कळतं. तेव्हा माझ्या मनात एकच होतं, की माझी बहीण मला भित्री समजून मरणार. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी टोचत होतं आणि ते मला सहन झालं नाही.

"मी आले होते," मी म्हटलं.

"काय?"

मी सगळं सांगितलं. काठी, बर्फ, पाद्रीची घोषणा, लीपचा दिवस, गवतघरात काढलेली रात्र, घासलेल्या फळ्या. घाईने सांगितलं, शपथेवर सांगावं तसं. मला राग कुणाचा नव्हता, भीती तर मुळीच नव्हती, मी फक्त अकरा दिवस उशिरा पोचले, हे तिला पटवून द्यायचं होतं.

तिला पटलं. तिने आस्लाकचे पाय सोडले.

"म्हणजे तू घाबरली नव्हतीस."

"नाही."

"उभं केलं असतं तर उभी राहिली असतीस. माझ्या शेजारी."

"हो."

"मग त्या दुसऱ्या वेळी," ती म्हणाली, "मागच्या आठवड्यात, तिथे वर विचारलं तेव्हा, मी हो म्हटलं असतं तर?"

मी आस्लाकचं दुपटं सारखं करायला लागले.

"सांग ना. न्यायाधीश काय म्हणाला होता?"

"सुटेल म्हणाला होता."

बाहेर कुणीतरी शीळ घालत होतं. मग तिला हसू येईल असं मला वाटलं, कारण तिला नेहमी भलत्या वेळी यायचं. आलं नाही. तिने पोर माझ्याकडे दिलं, हात लांब करून.

"गुनवोर," ती म्हणाली, "तू हे मला कशाला सांगितलंस?"

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही. शिपाई आला तोवर मी तशीच बसून होते. सोमवारपर्यंत मी रोज फाटकाशी गेले. तिने मला आत बोलावलं नाही, आणि शिपाई म्हणाला की ती आता रात्री झोपत नाही.